विहिरीवरील तेल-इंजिन : त्याचीं अंगें आणि त्याचे आजार

धुळ्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्याला जालना व अंबडकडून येणारा रस्ता जेथें मिळतो, तेथें वडीगोद्री हें गांव आहे. दक्षिणेस शहागडपाशीं गोदावरीचें पात्र, सभोंवार काळी जमीन, आणि त्या जमिनींत कापूस, ऊंस व मोसंबी. या हमरस्त्यावरून कधीं कधीं एखादी शर्यतीच्या धाटणीची मोटार सुसाट निघून जाते, आणि रस्त्याकांठचीं मुलें ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहतात. त्या मोटारींत जें यंत्र असतें त्याचाच एक खेडवळ भाऊ एखाद्या विहिरीच्या कांठीं ठक् ठक् करीत उभा असतो, याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. आज विहिरीवर विजेचे पंप आले आहेत, सूर्याच्या शक्तीवर चालणारेही येऊं लागले आहेत. तरी वीज गेली आणि पाण्याची पाळी चुकली, कीं हांक मारावयाची ती या भावालाच.

दोघांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहण्यासारखे आहेत. १९९७ सालीं बाजारांत आलेल्या पोर्शे ९११ या जर्मन मोटारीच्या इंजिनास सहा नळकांडीं होतीं. सर्वांचें मिळून आकारमान ३३८७ घन सेंटिमीटर, आणि मिनिटाला ६८०० फेऱ्यांवर त्याची शक्ति ३०० अश्वशक्ति. विहिरीवरच्या इंजिनाचा नमुना म्हणून किर्लोस्करांचें ‘ए व्ही १’ घ्यावें. त्याला एकच नळकांडें, त्याचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ११० मिलिमीटर, आकारमान ५५३ घन सेंटिमीटर. आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांवर शक्ति ५ अश्वशक्ति. म्हणजे एक लिटर आकारमानामागें जर्मन मोटार ८८ घोडे जुंपते, आणि विहिरीवरचें इंजिन अवघे ९! या हिशेबांत खेडवळ भाऊ अगदींच दुबळा ठरतो. परंतु पुस्तकांत ज्याला दट्ट्या व कारखान्यांत ज्याला पिस्टन म्हणतात, त्याची सरासरी गति काढली तर गोष्ट उलटते. मोटारीचा पिस्टन सेकंदाला सुमारें साडेसतरा मीटर वेगानें वरखालीं घांसत असतो. विहिरीवरील इंजिनाचा पिस्टन साडेपांच मीटरांनीं. यंत्राची झीज ही या घर्षणाशीं बांधलेली आहे. ज्यानें आयुष्यभर धांवण्यापेक्षां चालणें पत्करलें, त्याचे गुडघे जसे अधिक दिवस टिकतात, तसेंच हें.

तथापि दोघांच्या मरणाची रीत सारखीच आहे. त्या जर्मन मोटारींत एका मधल्या दांड्याच्या टोकास एक लहानसें बंदिस्त बेअरिंग बसविलेलें होतें. त्यांतील वंगण कालांतरानें निघून जाई, बेअरिंग फुटे, आणि झडपांची वेळ साधणारी साखळी त्या दांड्यावरच अवलंबून असल्यानें सारें इंजिन एका क्षणांत निकामी होई. अशा पुष्कळ मोटारी बिघडल्या आणि अमेरिकेंत हें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. तीनशें घोड्यांचें यंत्र हाताच्या मुठींत मावेल एवढ्या तुकड्यापायीं बसलें. विहिरीवरचें इंजिन बसतें तें याहूनही क्षुल्लक कारणांनीं. फरक इतकाच, कीं मोटार बसली तर मालक दुसऱ्या वाहनानें घरीं जातो. वैशाखांत इंजिन बसलें, तर आठ दहा वर्षें वाढविलेली मोसंबीची बाग पाण्यावांचून उभी राहते. जालना जिल्ह्यानें १९७२ सालीं आणि पुन्हां २०१२-१३ सालीं असे उन्हाळे पाहिले आहेत, कीं ज्यांत विहिरींत उरलेलें हातभर पाणी वेळेवर वर आलें कीं नाहीं, यावर झाडांचें जगणें ठरलें.

या इंजिनाचा जन्म जर्मनींतलाच. रूडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें यंत्र यशस्वी करून दाखविलें, तेव्हां तेलांतील उष्णतेचा शेंकडा २६ भाग त्यानें कामांत आणला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानानें ही मजल फार मोठी होती. पुढें इंग्लंडांत लिस्टर यांनीं १९३० च्या सुमारास मिनिटाला ६०० फेऱ्या घेणारें, जड चाकाचें, संथ इंजिन काढलें. तें इतकें टिकाऊ निघालें कीं त्याच्या धर्तीचीं इंजिनें गुजरातेंत राजकोटकडे पुष्कळ वर्षें होत राहिलीं. महाराष्ट्रांत साताऱ्यास धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं काढलेल्या कारखान्यांतून १९३० नंतरच्या दशकांत तेल-इंजिनें बाहेर पडूं लागलीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. वर सांगितलेलें ‘ए व्ही १’ हें तिचें; मूळ घडण इंग्लंडांतील पेटर घराण्याची. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाच्या राजवटींतून सुटला. त्या काळीं तेथील शेतकरी अद्याप मोटेवर होता. बैलजोडीचें बळ जेमतेम एक अश्वशक्तीचें, आणि तेंही पहांटेपासून ऊन चढेपर्यंत. पांच घोड्यांचें यंत्र दारीं आलें तेव्हां विहिरीला जणूं पांच जोड्या एकदम जुंपल्या गेल्या. पंपाची कार्यक्षमता शेंकडा ६० धरली, तर ५० फूट उंचीवर सेकंदाला सुमारें १५ लिटर पाणी एवढ्या शक्तीनें पडतें.

इंजिनाच्या आजारांकडे वळण्यापूर्वी त्याची श्वास घेण्याची रीत समजली पाहिजे. कारण अर्धे आजार तिच्यांतूनच उद्भवतात. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. पिस्टन खालीं जातांना नुसती हवा आंत ओढली जाते. तो वर येतांना ती हवा आपल्या मूळ जागेच्या सोळाव्या हिश्शाहूनही लहान जागेंत कोंबली जाते, आणि एवढ्या दाबानें ती इतकी तापते कीं उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास पोहोंचतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक हाताला गरम लागतें, तोच हा प्रकार, शेंकडों पटीनें वाढविलेला. त्या तापलेल्या हवेंत नोझलमधून तेलाचा फवारा उडतो व आपोआप पेटतो. तास चालण्यास सुमारें एक लिटर तेल लागतें, आणि तासाला असे ४५,००० फवारे उडतात. म्हणजे एका फवाऱ्याच्या वांट्याला ज्वारीच्या दाण्याएवढेंही तेल येत नाहीं. एवढेंसें तेल दोनशें वातावरणांच्या दाबानें, ठरल्या क्षणीं, धुक्यासारखें बारीक करून सोडणें हें तेलपंपाचें काम. त्या पंपांतील दांडा व त्याची नळी यांमधील फट मनुष्याच्या केसाच्या विसाव्या भागाएवढी असते. शेताच्या बांधावर, धुळींत व चिखलांत, इतकें सूक्ष्म काम करणारें दुसरें कांहीं सांपडणार नाहीं.

म्हणून पहिला शत्रु धूळ. काळ्या जमिनीची धूळ उन्हाळ्यांत पिठासारखी उडते, आणि मळणीच्या दिवसांत तिच्यांत भुसा मिसळतो. इंजिनाच्या तोंडाशीं हवा गाळण्यासाठीं एक डबा असतो, त्याच्या तळाशीं तेल असतें. हवा त्या तेलावरून वळतांना धूळ तेथें चिकटून राहावी अशी योजना. हें तेल महिनोन् महिने बदललें नाहीं तर त्याचा चिखल होतो. मग धूळ सरळ नळकांड्यांत जाते आणि पिस्टनच्या कड्या व नळकांड्याचें अस्तर, म्हणजे रिंगा व लायनर, यांच्यामध्यें कुरुंदासारखी घांसत राहते. कित्येकजण इंजिन ‘मोकळा श्वास’ घेईल म्हणून डबाच काढून ठेवतात. त्या दिवशीं इंजिन खरोखर कांहींसें हलकें चालतें. आणि त्या हंगामाच्या शेवटीं लायनर बदलावा लागतो. लायनर झिजल्याची खूण सोपी आहे. सकाळीं हँडल मारतांना पूर्वी जो दाब हाताला लागत असे तो लागत नाहीं, चाक सैलपणें फिरतें, आणि इंजिन धरीत नाहीं. हवा कड्यांच्या बाजूनें निसटत असल्यानें ती पुरेशी तापतच नाहीं. मग तेल पेटावें कसें? अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं दोष तेलपंपावर टाकला जातो, तो खोलला जातो, आणि धुळकट हातांनीं पुन्हां बसविला जातो. म्हणजे एक रोग होता तेथें दोन होतात.

दुसरा आजार तेलांतला. पत्र्याच्या पिंपांत ठेवलेल्या डिझेलांत रात्रीच्या गारव्यानें पाण्याचे थेंब धरतात व तळाशीं सांचतात. हें पाणी पंपांत गेलें कीं तो गंजतो. टांकी पूर्ण रिकामी होऊं दिली तर नळींत हवा शिरते. हवा दाबली जाते पण तेलासारखा दाब पुढें देत नाहीं, आणि मग कितीही हँडल मारलें तरी नोझलमधून फवारा उडत नाहीं. यावर उपाय म्हणजे फिल्टरवरील व पंपावरील लहान स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत तें वाहूं देणें. हें काम पांच मिनिटांचें. तें ठाऊक नसल्यामुळें मात्र तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस जातात. याहून वाईट खोड रॉकेल मिसळण्याची होती. शिधापत्रिकेवर मिळणारें निळें रॉकेल डिझेलापेक्षां पुष्कळ स्वस्त असे, आणि इंजिन त्यावर चालतही असे. पण तेलपंपाला दुसरें वंगण नसतें; ज्या तेलाला तो ढकलतो तेंच त्याचें वंगण. रॉकेल पातळ, त्याच्यांत चिकटपणा नाहीं. त्यावर पंपाचा दांडा कोरडाच घांसतो. वांचविलेल्या रुपयांची किंमत पुढें नव्या पंपाच्या रूपानें द्यावी लागे.

धूर हा इंजिनाच्या नाडीसारखा आहे, आणि तो वाचतां येणें हें अर्धें वैद्यक. धूर काळा असेल तर तेल अधिक व हवा कमी, म्हणजे हवेचा डबा चोंदला आहे, नोझल थेंब थेंब गळत आहे किंवा इंजिनावर शक्तीबाहेर भार आहे. निळसर असेल तर वंगणाचें तेल जळतें आहे; कड्या किंवा लायनर झिजले. पांढरा असेल तर तेल न पेटतां वाफ होऊन जात आहे, किंवा हेडखालचें गॅस्केट फुटून नळकांड्यांत पाणी शिरलें आहे. थंडीच्या सकाळीं पहिलें मिनिटभर येणारा पांढरा धूर मात्र निरुपद्रवी. त्यावरून कोणी इंजिन खोलूं नये.

पाण्याचे विकार थोडे विचित्र आहेत, कारण येथें कमी पाण्यानें जितकें नुकसान होतें तितकेंच अधिक पाण्यानेंही होतें. इंजिन थंड ठेवण्यासाठीं बहुधा पंपाच्याच पाण्यांतून एक बारीक नळी इंजिनाकडे नेतात. पंपाच्या तळचा फूट व्हॉल्व्ह गळूं लागला, पंपानें पाणी सोडलें आणि मालक बांधावर दारें धरण्यांत गुंतला असला, तर इंजिन पाण्यावांचून चालत राहतें. पिस्टन फुगतो व नळकांड्यांत आवळून बसतो. अशा वेळीं घाबरून तापलेल्या इंजिनावर घागरभर पाणी ओततात आणि बिडाचें हेड तडकतें. वास्तविक तें बंद करून आपोआप निवूं देण्यापलीकडे कांहीं करावयाचें नसतें. उलट प्रकार असा, कीं इंजिनाला जितका गारवा तितकें चांगलें या समजुतीनें तोटी पूर्ण उघडी ठेवली जाते. विहिरीचें गार पाणी अखंड खेळत राहिल्यानें नळकांड्याची भिंत थंडच राहते. जळलेल्या तेलांतील गंधकाचा व पाण्याच्या वाफेचा संयोग होऊन त्या भिंतीवर आम्ल धरतें, आणि लायनर घांसून जितका झिजत नाहीं तितका गंजून झिजतो. बाहेर पडणारें पाणी हाताला चांगलें कोंबट, क्षणभरच सोसवेल इतकें लागावें, अशी तोटी ठेवणें हें योग्य. १ एप्रिल २०२० पासून देशांत विकल्या जाणाऱ्या डिझेलांत गंधकाचें प्रमाण दशलक्षांत १० भागांवर उतरविलें गेलें आहे, म्हणून हा दोष पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाहीं. विहिरीचें पाणी जड असेल तर त्यांतील क्षार इंजिनाच्या पोटांत थर धरतात. चुलीवरच्या जुन्या हंड्याच्या आंत जसा पांढरा थर दिसतो, तसाच. तोटी मोकळी असूनही इंजिन तापत असेल तर या थराचा संशय घ्यावा.

आतां एका अशा दोषाकडे वळलें पाहिजे, जो यंत्राचा नसून माणसाच्या लोभाचा आहे. पण तो लोभ समजण्यासारखा आहे. इंजिनाच्या फेऱ्या १५०० वर राखण्यासाठीं गव्हर्नर नांवाची योजना असते. त्याची स्प्रिंग आवळली कीं इंजिन अधिक वेगानें फिरतें आणि पाण्याची धार मोठी होते. वीज दोन तास, विहिरींत पाणी तीन तासांचें आणि शेजाऱ्याची विहीर त्याच झऱ्यावर; अशा स्थितींत धार वाढविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु पंपाचा स्वभाव असा आहे कीं वेग शेंकडा १० नें वाढविला तर पाणी तितक्याच मानानें वाढतें, आणि शक्ति मात्र शेंकडा ३३ नें अधिक लागते. कारण शक्ति वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. पांच घोड्यांच्या इंजिनाकडे मग साडेसहा घोड्यांहून अधिक काम मागितलें जातें. तेल दहावा हिस्सा वाढेल अशी अपेक्षा असते, वाढतें तिसऱ्या हिश्शानें. धूर काळा होतो, वंगण पातळ पडतें आणि कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग ठोके देऊं लागतें. हे ठोके ऐकूं आल्यावर एक दिवसही इंजिन चालवूं नये. बेअरिंग थोडक्यांत बदलतां येतें. क्रँकला चर पडले कीं तो घांसून घ्यावा लागतो किंवा टाकूनच द्यावा लागतो.

वंगणाविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. पातळी दररोज पाहावी, आणि बनविणाऱ्यानें सांगितलेल्या तासांनीं तेल बदलावें. पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानूं नये. तें वाढलेलें तेल म्हणजे खालीं गळलेलें डिझेल होय, आणि तसलें वंगण पाण्याच्या किंमतीचें.

सर्वांत गंभीर गोष्ट अखेरची, कारण तिच्यांत इंजिन मरत नाहीं, मनुष्य मरतो. पंप पाणी ‘ओढतो’ असें म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः वातावरणाचा दाब तें वर ढकलतो. हा दाब समुद्रकांठीं ३४ फूट पाणी तोलूं शकतो, मराठवाड्याच्या पठारावर सुमारें ३२ फूट. आणि नळींतील घर्षण व गळती वजा जातां व्यवहारांत २२ ते २५ फुटांपलीकडे पंप पाणी उचलीत नाहीं. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी ४०–५० फूट खालीं गेलें कीं कांठावरचा पंप निरुपयोगी होतो. तेव्हां विहिरींतच भिंतीला लागून लाकडी किंवा दगडी ओटा करून पंप व इंजिन दोन्ही खालीं उतरवितात. मग इंजिनाचा धूर त्या खोल, निवांत खड्ड्यांत कोंडतो. इंजिन भोंवतालचा प्राणवायु खातें, आणि अर्धवट जळलेल्या तेलांतून कार्बन मोनॉक्साइड सोडतें. या वायूला ना रंग ना वास. तो रक्तांत शिरला कीं रक्ताला प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. मनुष्यास गुंगी येते, पायांतलें बळ जातें, आणि शिडीचे पांच पायटे चढण्याइतकें त्राण राहत नाहीं. खालीं गेलेला परत आला नाहीं म्हणून भाऊ उतरतो, भावामागें मुलगा. एका विहिरींत एकाच घरचीं दोन तीन माणसें दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत वारंवार आलेल्या आहेत. 

इंजिन खालीं ठेवणें भागच असेल तर धुराची नळी लोखंडी नळ्या जोडून विहिरीच्या कांठावर व वाऱ्याच्या दिशेला न्यावी; नळी लांब झाल्यानें धुरास अडथळा होतो व थोडी शक्ति कमी होते, म्हणून तिचा व्यास मोठा घ्यावा. चालू इंजिनाजवळ खालीं उतरूं नये. तें बंद करून, विहिरींतली हवा पालटण्यास वेळ देऊन मग उतरावें, आणि कमरेला दोर बांधून त्याचें टोंक वर दोघांच्या हातीं द्यावें. जळता कंदील खालीं सोडून पाहण्याची जुनी युक्ति प्राणवायु कमी आहे कीं काय एवढेंच सांगते. विषारी वायूची खबर ती देत नाहीं, म्हणून तिच्यावर विसंबूं नये. पाण्यांत बुडून चालणाऱ्या विजेच्या पंपांनीं हें संकट पुष्कळ कमी केलें आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें आणि त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यांतून गेला, तेव्हांपासून कालव्याखालच्या विहिरींचें पाणीही इतकें खोल जाईनासें झालें. पण कालव्याला पाणी नसलेल्या वर्षीं जुनें इंजिन पुन्हां बाहेर निघतें, आणि कधीं कधीं विहिरींतही उतरतें.

मृग लागला, विहिरी भरूं लागल्या, कीं इंजिनाचें काम संपतें. पण त्याला तसेंच पावसांत सोडणाऱ्याला पुढच्या उन्हाळ्यांत हँडल फिरत नाहीं असें आढळतें. बंद करण्यापूर्वी नळकांड्याभोंवतालचें पाणी काढून टाकावें, टांकी तेलानें भरून ठेवावी म्हणजे आंत दंव धरावयास जागा राहत नाहीं, नोझल काढून नळकांड्यांत दोन चमचे स्वच्छ वंगण सोडावें आणि दोन चार वेळां चाक हातानें फिरवावें. धुराच्या नळीच्या तोंडावर डबा पालथा घालून गोणपाट बांधावें. नाहीं तर गांधीलमाशा तींत घर करतात.